अळीच्या पोटात काय होतं

"मॅडम, माणूस मेल्यावर त्याच्या अंगावर पहिली माशी किती वेळात येऊन बसते?"

अख्खा वर्ग फिस्सकन हसला. खरं तर हा प्रश्न जुईलीचा नव्हताच. मागच्या बाकावरच्या नाझिया आणि प्रांजलने तो पैजेवर तिच्या गळ्यात बांधला होता. विचारलास तर दोन प्लेट भजी, नाही विचारलास तर तुझी ती वक्तृत्वाची ढाल भंगारात. डिसेंबरात तालुक्यात पहिली आल्यापासून जुईली चोगलेला असल्या पैजा फार लवकर लागायच्या. त्याआधी नववी अ मधली ही पोरगी हात वर करायची तोसुद्धा कोपरापर्यंतच. आता उभीच राहायची.

विज्ञान सप्ताहासाठी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून आलेल्या डॉ. हेमांगी इनामदार दचकतील, सरांकडे बघतील, सर 'खाली बस' म्हणतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. बाई दचकल्या नाहीत. उलट खूश झाल्या.

"दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "उन्हात, उघड्यावर असेल तर पाचच. आपल्याला वास यायच्या कितीतरी आधी माशीला येतो. निळसर हिरवी, चमकणारी माशी. बघितली आहेस?"

"रोज बघते, मॅडम. आमचा सुक्या मासळीचा ओटा आहे."

"मग तुला अर्धं येतंच," असं म्हणून बाईंनी टेबलावरचं यंत्र पुढे ओढलं. जेवणाच्या डब्याएवढं, करड्या रंगाचं. नाव कालवेध. पेपरात येतं ते. गावातली माणसं त्याला माशीमशीन म्हणायची.

बाईंनी समजावलं मात्र छान, हे जुईलीलाही कबूल करावं लागलं. माशी डोळ्यांच्या कडेला, नाकात, जखमेत अंडी घालते. रात्री घालत नाही, तिला उजेड लागतो. कोकणातल्या उकाड्यात अर्ध्या दिवसात अंड्यातून अळ्या निघतात. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन इयत्ता होतात. इकडे प्रेत आधी फुगतं, मग कातडी फाटते, मग अळ्यांवर ताव मारणारे काळे भुंगे येतात, मग सगळं सुकत जातं, आणि शेवटी कातडं नि केस कुरतडायला केसाळ किडे.

"ते आमच्या सुक्या बांगड्यात पडतात," जुईली म्हणाली.

"अगदी तेच. किड्याला काय, बांगडा काय नि माणूस काय. सुकं मांस ते सुकं मांस."

आता मशीनचं. अळी वाढताना तिच्या पेशीतली जनुकं ठरल्या क्रमाने चालू नि बंद होतात, जशी शाळेत एकामागून एक तासांची घंटा होते. कालवेध अळी दळून घेतं, कुठली घंटा झाली ते वाचतं, त्या जागेचं दर तासाचं तापमान उपग्रहाकडून मागवतं (उकाडा जास्त तर अळी भराभर वाढते) आणि मागे मोजत मोजत अंडं घातल्याच्या वेळेला येऊन थांबतं. सगळ्यात मोठी अळी घ्यायची, कारण ती सगळ्यात आधी आली. चूक फार तर चाळीस मिनिटांची. तीन वर्षांपासून कोर्टात हाच पुरावा मुख्य.

"साक्षीदार उलटतात," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या बऱ्याच ठिकाणी म्हणत असाव्यात. "अळी उलटत नाही. आता तुमच्याच किनाऱ्यावरचं एक उदाहरण दाखवते. नावं सांगत नाही."

नावं सांगत नाही म्हणे. दांडेबंदर साडेतीनशे घरांचं. भिंतीवर आलेखाची रेघ उमटली, 'पंच्याऐंशी तास' असं लिहून आलं, आणि वर्गातल्या बेचाळीस माना हळूच जुईलीकडे वळल्या. नाझियाने खालून तिचा हात धरला. भजी राहिली बाजूला.

कारण त्या रेघेच्या टोकाला जुईलीचा मामा लटकलेला होता. भालचंद्र तांडेल, आईचा एकुलता एक भाऊ, गावाचा भालामामा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी साडेपाचला, भर बंदरावर, लिलाव पुकारणाऱ्या हरेश्वर पावसेशी त्याची जुंपली. माझी मासळी मुद्दाम शेवटी पुकारतोस, असं मामाचं म्हणणं. 'तुला दगड बांधून बुडवीन' हे वाक्य शंभर माणसांनी ऐकलं. पावसे 'मी चाललो लेकीकडे' म्हणून तरातरा निघून गेला, त्यामुळे पुढे तो दिसला नाही तरी कुणी शोधलं नाही. मामा सोमवारी पहाटे पाच खलाशांना घेऊन समुद्रात गेला तो बुधवारी रात्री परतला. आणि गुरुवारी सकाळी पावसे सापडला, चोगल्यांच्या ओट्यामागच्या शेडमध्ये, डोकं सिमेंटच्या कडेवर आपटलेलं. पडला की पाडला, एवढाच प्रश्न. कालवेध म्हणालं, मेला तो रविवारी सहाच्या सुमाराला. झालं. सोमवार ते बुधवार मामाच्या बाजूने पाच खलाशी होते. रविवारी सहाला कुणी नव्हतं.

साडेतीन महिने मामा तुरुंगात होता. जुईलीच्या बाबांनी भांडणाची साक्ष दिली होती. आई भावाला भेटायला एकदाही गेली नव्हती. 'मशीन खोटं कशाला बोलेल' म्हणाली आणि मामाचा फोटो कपाटाच्या मागे सरकवला.

"जागा किती स्वच्छ होती बघा," बाई सांगत होत्या. भिंतीवर आता शेडचा फोटो होता. प्रेत नव्हतं त्यात, नुसती फरशी. "पंचनाम्यातच नोंद आहे. आसपास दुसरं काहीही कुजलेलं नाही. त्यामुळे शंकेला जागाच नाही."

फरशी ओली होती, चकचकीत. आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल बादली होती. कडी तुटलेली, कडीच्या जागी पांढरी नायलॉनची दोरी.

ती दोरी जुईलीने स्वतः बांधली होती.

गुरुवार. सकाळ. शाळेत जायच्या आधी आई ओरडत होती, 'जुये, खाडीचं पाणी आण, बादल्या भर, आज तपासणीवाले येताहेत.' तिने अकरा खेपा केल्या होत्या. शेडच्या ताडपत्रीच्या आत तिला जाऊ दिलं नव्हतं, बादली दारातून घेत होते. बाबांच्या हातात फावडं होतं. हातगाडी भरलेली होती. आणि रविवारच्या दुपारपासून त्या शेडमध्ये काय पडून होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं, कारण नाक दाबून तीच तर तिथे ओतायला गेली होती. कुटी. फुटलेली, नासलेली, विकायच्या लायकीची नसलेली मासळी. खतवाल्यांची गाडी त्या आठवड्यात आलीच नव्हती.

तिला वाटलं होतं, तपासणी. ताडपत्रीच्या आत माणूस मरून पडलेला होता, आणि ती पाणी पुरवत होती.

जुईली उठून उभी राहिली. ह्या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

"मॅडम, आणि तिथे दुसरं काही कुजलेलं असतं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे समजा मासळीचा ढीग असता. रविवारचा. आणि माणूस त्याच्याशेजारी नंतर पडला असता. मंगळवारी. मग ढिगातल्या अळ्या त्याच्या अंगावर चढल्या असत्या की नाही?"

"चढल्या असत्या," बाई सावकाश म्हणाल्या.

"आणि तुमच्या मशीनने सगळ्यात मोठी अळी घेतली असती. मासळीवरची."

सर म्हणाले, "चोगले, बस." जुईली बसली नाही.

"ते ओळखता येतं," बाई म्हणाल्या. "अळीच्या पोटात अन्नाची पिशवी असते. शेवटचं काय खाल्लं ते त्यात सापडतं. मासा की माणूस, सरळ कळतं."

"मग अळीच्या पोटात काय होतं?"

बाईंनी यंत्राकडे पाहिलं.

"मॅडम, बघितलं नाही तुम्ही?"

"त्याला एक तास जास्त लागतो. शंका असेल तरच करतो. इथे पंचनामा स्पष्ट होता…"

"आणि प्रेत? ते साडेतीन दिवसांचं वाटत होतं? फाटलं होतं? काळे भुंगे होते?"

"प्रेत पाहायला मी नव्हते. माझ्याकडे नमुने येतात."

"एक तास," जुईली म्हणाली. "एक तास वाचवलात. त्या माणसाचे साडेतीन महिने गेले. आणि वर त्याचा आलेख करून त्याच्याच गावच्या शाळेत दाखवताय."

सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. पण तास संपल्यावर इनामदार बाई स्वतः व्हरांड्यात आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. नमुने पाच वर्षं जपून ठेवतो, म्हणाल्या. पुन्हा तपासता येतील. "पण मी आपल्या मनाने डबा उघडू शकत नाही. तिथे ढीग होता असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. ज्याने पाहिला त्याने." मग विचारलं, "तू पाहिलास का?"

जुईली आत गेली आणि कुणी न सांगता खाली बसली. पहिल्यांदाच, बहुतेक डिसेंबरापासून.

*

"तुझ्या बाबांना काय होईल?" नाझियाने विचारलं. तिघी ओट्याच्या टोकाला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला बसल्या होत्या.

"पुरावा हलवला म्हणून त्यांच्यावर केस होईल. आणि संस्थेची पाटी जाईल." पाटी म्हणजे 'निर्मळ ओटा' लिहिलेली निळी पाटी. ओट्यापासून शंभर मीटरांत नासकी मासळी ठेवायची नाही, या अटीवर ती मिळायची. पाटी असेल तरच माल परदेशी जायचा. चाळीस बायकांची संस्था, आणि अध्यक्ष जुईलीची आई. पोलीस यायच्या आधी फरशी का धुतली, याचं उत्तर एवढंच होतं. त्या सकाळी आईबाबांना पावसे दिसला आणि त्याच क्षणी पाटी दिसली.

"पण तुला खात्री आहे का?" प्रांजल म्हणाली. ती कायम मोडता घालायची, आणि कायम बरोबर ठिकाणी. "अळ्या चढतात हे तू वर्गात ठोकून दिलंस. बघितलंयस?"

जुईलीने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग राग ओसरला, म्हणजे दुसऱ्या कामाला लागला.

नाझियाच्या घरून जिलबीचा लाल रंग आला. प्रांजलने नाक मुरडत कोंबडीची एक तंगडी आणली. नाझियाच्या परसात, फणसाखाली, एका फुटक्या टबात जुईलीने नासकी मांदेली ओतली, त्यात लाल रंग कालवला आणि दुपारभर उघडं ठेवलं. माश्या आल्या. मोजून सात मिनिटांत, प्रांजलने घड्याळ लावलं होतं. दोन दिवसांनी मांदेली वळवळायला लागली. अळीची कातडी पातळ, आतली पिशवी बाहेरून दिसते. प्रत्येकीच्या पोटात लाल ठिपका.

तेव्हा कुठे तंगडी त्यांच्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघी टबावर वाकल्या. तंगडीवर नवी अंडी होती, भाताच्या कण्यांसारखी. बारीक, दोऱ्याएवढ्या अळ्या होत्या, पोटात काही रंग नसलेल्या. आणि त्यांच्या मधोमध, सगळ्यांना ढकलत, चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या अळ्या तंगडीत तोंड खुपसून बसल्या होत्या. लाल पोटाच्या.

"ह्या तंगडीचं वय मशीन काय सांगेल?" जुईलीने विचारलं.

"तीन दिवस," प्रांजल म्हणाली.

"आणि खरं?"

"एक." प्रांजल सरळ झाली. "ठीक आहे. आता तू बोल घरी. पण एकदम अंगावर जाऊ नकोस."

"जाणार आहे," जुईली म्हणाली.

*

संध्याकाळचं ऊन ओट्यावर लांब पसरलं होतं. आई जवळा निवडत होती. बाबा सुपाने गोळा करून पोत्यात भरत होते. जुईलीने प्लॅस्टिकचा डबा आईच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण काढलं.

"ई, काय गो हे घाण?" आई मागे सरली.

"घाण नाय. मामा आहे ह्यात."

आणि तिने सांगितलं. सगळं. लाल पोटं, मोठी अळी, एक तास, बादली, अकरा खेपा. मध्ये बाबांनी दोनदा तोंड उघडलं, तिने बोलू दिलं नाही. आईचे हात जवळ्यात तसेच राहिले.

"मशीनवाल्या बाईंनी बघितलं असेल ना सगळं," बाबा अखेर म्हणाले. "शिकलेली माणसं ती."

"नाही बघितलं. पंचनामा वाचला. आणि पंचनाम्यातली ती स्वच्छ फरशी तुम्ही केलीत."

"अगो, आम्हांला काय ठाऊक, अळ्यांवरनं वेळ काढतात म्हणून? पावशाला आम्ही बोट लावलं नाय. नुसती कुटी उचलली. त्याच्या मरण्याचा नि आमच्या कुटीचा काय संबंध?"

"तेव्हा ठाऊक नव्हतं. मान्य. पण मामाला नेल्यावर? सगळा गाव माशीमशीन, माशीमशीन करत होता. तुमच्या मनात एकदासुद्धा आलं नाही, की माश्या तर आपल्या कुटीवर होत्या?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने सुपाकडे पाहिलं. त्या दोन नजरांत जुईलीला उत्तर मिळालं, आणि ते तिला नको होतं.

"आलं होतं," ती हळू म्हणाली. "आलं होतं तुमच्या मनात."

"चाळीस घरं हायत त्या पाटीवर," आई म्हणाली. आवाज कोरडा होता. "मी एकटी असते तर…"

"त्याचा फोटो पण त्यासाठीच कपाटामागे टाकलास ना? मशीन खोटं कशाला बोलेल म्हणे. तुला बघवत नव्हतं त्याच्याकडे."

"जुये, जिभेला आवर घाल."

"नाही घालणार. माझ्या हातून पाणी भरून घेतलंत तेव्हा विचारलं होतंत? आत माणूस पडलाय, त्याच्या बाजूची फरशी धुतोय आपण, असं म्हणाला होतात?"

"मग सोमवारी पावसे होता कुठं?" बाबांनी शेवटचा आधार शोधला. "जिता होता तर कुणाला दिसला का नाय?"

"कुणी विचारलंच नाही, बाबा. लेकीकडे गेला होता का, गुत्त्यावर होता का, पिऊन शेडमध्ये कधी शिरला, पाय घसरून पडला का. पोलीस एका माणसालाही विचारत गेले नाहीत, कारण मशीन म्हणालं, सोमवार उजाडायच्या आधीच तो मेलेला होता. मेलेल्याला कोण शोधणार?"

बाबा खाली बसले. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज झाला. जुईलीला एकदम ते म्हातारे दिसले, आणि त्याचाही तिला राग आला. आत्ता म्हातारं दिसायचं काय कारण?

"तू बघितलं होतंस त्याला," ती आईला म्हणाली. "तीस वर्षं मासळी सुकवतेयस. एका दिवसाची कुठली नि चार दिवसांची कुठली, लांबनं सांगतेस. पावसे कितीचा होता?"

एक कावळा ओट्याच्या कडेवर येऊन बसला, आईने सवयीने हाकलला.

"फुगला होता," ती म्हणाली. "पण कातडी धड होती. चार दिवसांचा नव्हता तो." मग तोंडावर पदर घेतला. "भालानं माझ्या हातचं खाल्लं नाय साडेतीन महिन्यांत."

जुईलीला वाटलं, आता आपण तिच्याजवळ जाऊन बसावं. पण बसलं की आज राहील, उद्या बघू होईल, आणि उद्या बघू करत करत मामाची तारीख येईल. तिने डब्याचं झाकण लावलं. शेडच्या दाराशी ती लाल बादली अजून होती, दोरी जरा काळी पडलेली. ती उचलून तिने डब्याशेजारी ठेवली.

"आई, बाबा, ऐका. उद्या सहाच्या एसटीने मी जिल्ह्याला जातेय. इनामदार मॅडमना लिहून देणार. रविवारी कुटी कुणी ओतली, गुरुवारी कुणी उचलली, पाणी कुणी आणलं. पहिलं नाव माझं लिहीन, दुसरं आईचं, तिसरं बाबांचं. सह्या करायला यायचं असेल तर सहाला स्टँडवर या. नाही आलात तरी नावं तीनच राहतील."